गॅलरीतले ओले ठोकळे

वाळायला ठेवलेली वस्तू जड होत नाही. मृणालिनीने ताणकाटा झटकला, कागदी ठोकळा पुन्हा हुकाला टांगला आणि आकडा वाचला. गेल्या रविवारपेक्षा जास्तच.

एक्याण्णवचा मे चालू होता. मिरा रोडच्या या वरच्या मजल्यावरच्या घरात गॅलरी बंद करून खोली काढायची होती. इंजिनियरने विटांना नकार दिला होता. गॅलरीला भार झेपणार नाही, म्हणाला. म्हणून तिचे सासरे, काशीनाथराव, नया नगरमधून पोत्यांनी रद्दी घेऊन आले. ती भिजवून, कुटून, सिमेंट घालून हलके ठोकळे पाडायचे. पाण्याचं माप मृणालिनीने ठरवून दिलं होतं: लगदा मुठीत दाबला की थेंब पडावेत, धार लागू नये. साच्यातून काढलेले ठोकळे गॅलरीतच रचले होते. घरात ऊन फक्त तिथेच येई.

काटा ठेवायला ती वाकली आणि तिला उंबऱ्यालगत जमिनीत केसाएवढी चीर दिसली. चिरीच्या टोकाशी तिने पेन्सिलीची रेघ मारली. चहा उकळेपर्यंत चीर रेघेच्या पुढे गेली होती.

"आई, ठोकळ्यांवर पाणी कोण मारतंय?"

"मीच की," तिच्या सासूबाई, अंबिकाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सिमेंटला पाणी नको? टँकर आला की कालचं शिळं पाणी तिथे ओतते. तू असतेस कामावर. फेकून देऊ काय?"

सिमेंटला लागायचं तेवढं लागलं होतं. बाकीचं सगळं कागद पीत होता.

"बाबा, गॅलरीत जाऊ नका. विटांपेक्षा जास्त वजन झालंय."

"रद्दीचं?" काशीनाथराव हसले. "मग रद्दीवाल्यालाच परत विकू. फायद्यात राहू!"

तिने बोटाने चीर दाखवली. त्यांनी उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला.

तिचा नवरा जितेंद्र जिन्याने खाली धावला. बरोबर खालच्या गॅलरीत चंपाबेन पापड वाळवत बसत. त्यांचा आवाज वर आला, "अरे, पापड तो उठाने दे!"

"बेन, पापड छोडो! पहले अंदर आओ!"

"मी काढतो ठोकळे," काशीनाथराव म्हणाले.

"तुमचं वजन माझ्या दीडपट आहे, बाबा. आधी दारातून हात पुरेल तेवढे आत घेऊ. माझ्या वजनाइतके निघाले की मी बाहेर जाईन."

दोघं उंबऱ्याच्या आत गुडघ्यांवर बसून ठोकळे ओढू लागली. अंबिकाबाई ते उचलून भिंतीशी लावत होत्या. ओल्या ठोकळ्यांनी हॉलची फरशी निसरडी झाली. हात पुरेनासा झाला तेव्हा मृणालिनीने मनात बेरीज केली, निघालेलं वजन आपल्यापेक्षा एका ठोकळ्याने जास्तच भरतंय हे पाहिलं आणि पाय बाहेर टाकला.

कठड्यालगतची रांग बाकी होती. सगळ्यात वाईट भार तोच, भिंतीपासून सगळ्यात लांबचा. ती एकेक उचलून मागे वळत होती, काशीनाथराव लांबूनच झेलत होते. मध्येच जमिनीतून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. ती जागच्या जागी थांबली.

"सूनबाई, ये आत. राहू देत ते."

"ते ठेवून चालणार नाही."

तिने श्वास सोडला आणि पुढचा उचलला. मग त्याच्या पुढचा. शेवटचा ठोकळा दिल्यावर मात्र तिचे पाय हलेनात. आत यायला एकच पाऊल होतं. काशीनाथरावांनी सुनेला कधी हात लावला नव्हता; वस्तू द्यायची झाली तरी ते ती टेबलावर ठेवत. आता त्यांनी उंबऱ्यातून वाकून तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिला आत ओढलं.