रोलला डिलीट नसतं

माझ्या वडिलांना मारताना देविदास हसत होता, असं लतीफचाचा सांगतात. पोलिसांना दिलेल्या जबाबातही त्यांनी तेच सांगितलं. लग्नातल्या बाकी सगळ्यांनी लिहून दिलं की शंकरसिंग फोटोग्राफर स्टेजवरून पडला.

लग्न देविदासच्या बहिणीचं होतं, कळमनुरीजवळच्या तांड्यावर. नवरदेव खेमा पुण्यात नोकरीला. त्याचा आवडता हिरो एका मुलाखतीत म्हणाला होता, "डिजिटल फोटो खोटा, कारण तो पुसता येतो. रोलला डिलीट नसतं, म्हणून रोल खरा." त्यावर एका नटीने उत्तर दिलं, "माझ्या लग्नाचे फोटो मोबाइलवर काढले, नवरा अजून टिकलाय." आखाडा बाळापूरच्या चहाच्या टपऱ्यांवर यावरून बरेच दिवस भांडणं चालली. ज्यांनी जन्मात रोल हातात धरला नव्हता, ती पोरं एकमेकांच्या कॉलरी धरत.

"रोल बंद पडले तवा एक बी हिरो रडला न्हाई," बा म्हणायचे. "आता सगळ्यांला उमाळा येऊन राहिला." पण खेमाने लग्नाचे फोटो रोलवरच मागितल्यावर त्यांनी कपाटातला जुना कॅमेरा काढला, मुंबईहून काळे-पांढरे रोल मागवले, आणि मला फोन करून सांगितलं की हाताला अजून सगळं आठवतंय.

वरातीत डीजेपुढे नाचताना रामजी नावाच्या मुलाचा पाय देविदासच्या पायावर पडला. देविदासने मांडवाचा लोखंडी पाइप उचलला आणि रामजीच्या तोंडावर घातला. गालाचं हाड आत गेलं, डोळा फुटला. बा समोर होते. त्यांनी बटण दाबलं.

देविदासने गाणं बंद करू दिलं नाही. तो पोरापोरांकडे गेला, मोबाइल उघडायला लावून व्हिडिओ पुसायला लावले, पाठीवर थाप मारून मोबाइल परत दिले. मग बांपुढे आला.

"काका, डिलीट करा."

"यात डिलीट नसतं रे बाबा."

"काहून? तुमी बी हिरो झाले का?"

"अरे, खरंच नसतं. मागं पडदाच न्हाई. बघ की." बांनी कॅमेरा उलटा करून त्याची काळी पाठ दाखवली.

हिरोचं ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. मागून कुणीतरी हसलं. देविदासही हसला. हसत हसतच त्याने फ्लॅशचा स्टँड उचलला. लाइट धरणाऱ्या लतीफचाचांना दोघांनी जमिनीवर दाबून धरलं होतं. त्यांना दिसलं ते एवढंच: बा उताणे पडले, नंतर कॅमेऱ्यावर पालथे झाले, आणि स्टँड वाकेपर्यंत खाली येत राहिला. नांदेडच्या दवाखान्यात बांनी रक्त ओकत जीव सोडला. कॅमेरा मला मिळाला. रोल आतच होता.

मी तो घेऊन पोलीस ठाण्यात गेले. "आधी फोटो दाखवा, मग बोलू," साहेब म्हणाले. मी हिंगोलीला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, पण माझं लहानपण बांच्या डार्करूममध्ये गेलं. रोल मीच धुवायचं ठरवलं. मी ठाण्यातून निघाले आणि देविदासला बातमी पोचली असणार.

दुपारी बांच्या बाळापूरच्या फोटोच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून चाचा पुढच्या टेबलाशी बसले. मी डार्करूमच्या अंधारात रोल चकरीवर गुंडाळला, काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून झाकण लावलं. रोल डब्यात गेला की उजेडात यायला हरकत नसते. मी पुढच्या मोरीपाशी आले, डब्यात पहिलं औषध ओतलं आणि डबा उलटासुलटा करायला लागले. चित्र या औषधात उमटतं. औषध मध्येच ओतून टाकलं तर चित्र फिकं राहतं, आणि त्यात असताना उजेड लागला तर सगळा रोल काळा होतो.

शटर वर गेलं. देविदास आणि त्याच्याबरोबर एक जाडजूड माणूस. शटर पुन्हा खाली आलं.

"ताई, दुखाच्या टायमाला दुकान उघडून राहिल्या?" देविदास म्हणाला. "पासपोर्ट फोटो काढा माझा."

मी डबा हलवत राहिले.

"बोलत न्हाई. शिकेल बाई हाय." त्याने टेबलावरचा जुना कॅमेरा उचलला, पाठ उघडली. रिकामा. त्याने तो भिंतीवर मारला. मग बांचा डिजिटल कॅमेरा, लेन्स, काचेचं कपाट. "रोल कुठंय?"

"शंकरभाईसंग चितेत टाकला," चाचा म्हणाले.

लाथ त्यांच्या तोंडावर बसली. ते खुर्चीसकट पडले. दुसऱ्या माणसाने त्यांना केस धरून उठवलं, तेव्हा त्यांच्या दाढीवरून रक्त आणि एक दात गळत होता.

"म्हाताऱ्या, कुणासाठी मरून राहिला? तुमचा तो हिरो आता मोबाइल विकायला लागला. फाट्यावर बोर्ड बघितला न्हाई का?"

"बघितला ना. बराबर तुझ्यावानी दिसतो," चाचा म्हणाले. "मेकप काढल्यावर."

देविदासने त्यांचा डावा हात ओढून फोटो कापायच्या कटरवर ठेवला. लांब पात्याचा जुना कटर. बा त्याला दर आठवड्याला धार लावत.

"ताई, रोल."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातांकडे पाहिलं. डबा वर, डबा खाली. चित्र उमटायला अजून थोडा वेळ हवा होता, हे त्यांनाही माहीत होतं. मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी मान हलवली. नाही.

मी तोंड मिटलं.

पातं खाली आलं. जाड पुठ्ठा कापताना येतो तसा आवाज झाला. करंगळीचं पेर टेबलावर राहिलं, चाचांची किंकाळी शटरवर आदळून परत आली. दुसरा माणूससुद्धा दचकला. देविदासने पातं पुन्हा वर केलं आणि पुढचं बोट सरकवलं.

"थांब," मी म्हणाले. "देते. यात आहे."

"डब्यात?"

"औषधात आहे. तसाच काढला तर हात भाजतील तुझे."

त्याच्यासमोरच मी पहिलं औषध मोरीत ओतलं आणि दुसरं भरलं. व्हिनेगरसारखा आंबट वास दुकानभर झाला. तो नाक दाबून मागे सरला. मी आणखी थोडा वेळ डबा हलवला. मग झाकण उघडलं आणि चकरी त्याच्या हातात दिली.

त्याने रोल ओढून काढला, शटर वर ढकललं आणि तो उन्हात धरला. ओला, दुधाळ, पिवळट पट्टा. आरपार काही दिसत नव्हतं.

"गेला," तो म्हणाला. "उजेडात गेला की रोल मेला. येवढं मला बी कळतं. माझ्या बापाच्या लग्नाचा रोल मीच उघडला होता लहानपणी. लई मार खाल्ला." त्याने रोल फरशीवर टाकला, चाचांच्या रक्तावर थुंकला. "कापडानं पुसून घ्या, ताई. हे तरी डिलीट होतं."

ते दोघं निघून गेले. मी ओढणी फाडून चाचांच्या हाताशी धावले.

"आधी रोल," ते म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "बोट कुठं पळून न्हाई जात."

मी ओढणी बोटाभोवती गच्च बांधली, मग रोल उचलला. देविदासचं म्हणणं न धुतलेल्या रोलबाबत खरं होतं. पण त्याच्या नाकाला झोंबलेलं औषध पहिल्या औषधाचं काम थांबवतं. त्यानंतर उजेड काही बिघडवू शकत नाही. चित्र रोलवर असतं, फक्त एका दुधट थराखाली. मी पट्टा पाण्यात बुचकळला आणि तिसऱ्या औषधात सोडला.

थर विरघळत गेला. हळद लागलेला खेमा. डीजेची गाडी. रामजीच्या तोंडावर टेकलेला पाइप, त्यामागचा देविदास. या चौकटीवर फरशीचा एक ओरखडा होता, पण चेहरे शाबूत होते.

शेवटची चौकट तिरकी होती. बांनी ती जमिनीवर पडून काढली होती. खाली दोन बूट, वर उगारलेला स्टँड, त्यामागे वाकलेला चेहरा. निगेटिव्हमध्ये त्याचे केस पांढरे, कातडी काळी, आणि उघड्या तोंडातले दात त्याहून काळे.

"आलं का?" चाचांनी भिंतीला टेकून विचारलं.

"आलं," मी म्हणाले. "हसतोय."