आठवा फर्मा

नखच होतं ते. पिवळट, जाडसर, बहुधा अंगठ्याचं; पान बहात्तर आणि त्र्याहत्तरच्या मधल्या घडीत इतकं नीट बसलेलं, की कुणी खुणेसाठी ठेवलंय असं वाटावं – आणि ठेवलंही असेल, या वाचनवेड्यांचा काय नेम! मुद्रितशोधकाने पुस्तक खिडकीबाहेर धरून झटकलं. नख पडलं की आणखी आत सरकलं ते दिसलं नाही, आणि सकाळचा चहा त्याच्या घशाशी आला. हे पुस्तक गेल्या महिन्यात वाचक मंडळातल्या निवृत्त मॅनेजरने त्याच्या हातात ठेवलं होतं. मंडळाची रीतच तशी: दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी प्रत्येकाने आपलं एक आवडतं पुस्तक आणायचं, ते आपण कधी, कसं, कुठे बसून वाचलं ते सांगायचं, आणि ज्याला ते लागू पडेल असं वाटतं त्याच्या हातात द्यायचं. त्याने पुढच्या महिन्यात त्यावर बोलायचं. आज दुसरा शनिवार होता, आणि मुद्रितशोधकाची पहिली दहा पानं अन् शेवटची पाच वाचून झाली होती. मधे ते नख. पहिल्या-शेवटच्या पानांवर त्याचं नेहमीच भागत असे.

“पुस्तक वाचताय की उवा वेचताय?” बायको दारातून म्हणाली. “भिवया बघा जरा आरशात. जेवण वाढू का त्या तोंडावर?”

तिचं काही चुकत नव्हतं. एकतीस वर्षं छापखान्यात बसून त्याने उवाच वेचल्या होत्या... सुटलेला काना, उलटलेलं अक्षर, गळालेला शब्द. शब्द धड आहे एवढं दिसलं की नजर पुढच्या शब्दावर, आणि तो शब्द काय म्हणतोय ते ऐकायला थांबायचं कुणी? त्यात कामाची वाटणी केलेली. सोळा पानांचा एक फर्मा. विषम फर्मे याचे, सम फर्मे जोडीदाराचे. पुस्तक निम्म्या वेळात हातावेगळं होई, मालक खूश, आणि शेकडो कादंबऱ्यांतली माणसं याला एक फर्मा सोडून भेटत. तिसऱ्या फर्म्यात रुसलेली मुलगी पाचव्यात दोन लेकरांची आई होऊन यायची. मधलं सगळं जोडीदाराच्या टेबलावर, आणि जोडीदार असा घुमा की डबा खातानाही ‘मीठ कमी’ एवढंच बोलणार. याने कधी विचारलंही नाही. अख्खं पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, शेवटचं कधी वाचलं होतं? शाळेत असेल. आणि मंडळात त्याला काय म्हणतात, तर ग्रंथकाका!

पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. पण ‘छापखान्यातला माणूस’ म्हटल्याबरोबर सगळ्यांनी खुर्ची सरकवून जागा केली, आणि तो बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता चार वर्षांनंतर ती उघडावी तर आत काय निघेल, या विचाराने त्याची त्यालाच शिसारी येई.

चार वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत बिस्किटांचा, घामाचा आणि जुन्या कागदाचा एकवटलेला वास कोंडला होता. निवृत्त मॅनेजर उभा राहिला. “या वर्षातलं हे माझं एकशे सातवं!” म्हणाला, आणि बोट जिभेला लावून पान उलटलं. पुन्हा जीभ, पुन्हा पान. ते ओलं बोट आणि पानाच्या कोपऱ्यावर उमटणारा काळपट डाग... मुद्रितशोधकाने नजर वळवली, तर दातांची डॉक्टर सांगत होती की तिला आंघोळीला पाणी तापेपर्यंत चार पानं लागतातच, आणि कधीकधी पाणी गार होतं. सगळे हसले. उथळ पाण्याला खळखळाट फार, तो मनात म्हणाला... पण यांच्यात निदान पाणी आहे, माझी तर विहीरच कोरडी, आणि तिच्यावर रहाट लावून मी करकर वाजवतोय.

त्याची पाळी आली. तो उठला, घसा साफ केला, आणि म्हणाला, “मला मधला भाग विशेष भिडला.”

“बघा!” मॅनेजरने मांडीवर थाप मारली. “मधला भागच कुणाला कळत नाही हो. काकांना कळला.”

आता शिवणकाम करणाऱ्या ताई उठल्या. या मंडळात नव्या. लोकांचे कपडे सैल करून, आखूड करून देतात. बोलताना बोटांनी पदराची कड चाचपतात. गेल्या महिन्यात यांनीच विचारलं होतं, “घरी आजारी माणूस आहे, वाचून दाखवण्यासारखं काही असेल का काका?” – आणि त्याने आपल्याच छापखान्यातून निघालेली एक कादंबरी ऐटीत पुढे केली होती. “शांत पुस्तक आहे,” म्हणाला होता. सातव्या फर्म्यात भाऊ खाटेवर पडलेला, नवव्यात ती खाट उन्हात टाकलेली. गडी बरा होऊन कामाला लागला असणार, असं याने धरून चाललेलं.

“मला काही बोलता येत नाही,” ताई म्हणाल्या. पुस्तकाला त्यांनी अस्तराच्या तुकड्याचं कव्हर शिवलं होतं. “मी दुपारी मशीन बंद करते, दादाला भरवते, मग वाचते. सहा वर्षं तो उठलेला नाही. पुस्तक बरं चाललं होतं. मग एकशे एकविसावं पान आलं. तेवढंच वाचते.”

त्यांनी वाचलं: बहिणीने भावाला कुशीवर वळवलं, त्याची पाठ पुसली आणि भिंतीकडे बघत ती मनाशी म्हणाली, हा सुटेल कधी आणि मी सुटेन कधी. त्यांनी पान उलटलं. हा सुटेल कधी आणि मी सुटेन कधी.

डबल ओळ! पानाच्या तळाची ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर पुन्हा पडलेली. आठवा फर्मा, म्हणजे जोडीदाराचा! मुद्रितशोधकाच्या छातीत आनंदाची लहर उठली – सापडला लेकाचा, एकतीस वर्षांत पहिल्यांदा सापडला – आणि ती लहर ओसरण्याआधीच त्याला स्वतःची अशी किळस आली, की हातातलं बिस्कीट त्याने रुमालात गुंडाळून खिशात कोंबलं. समोर एक बाई काळीज काढून ठेवते आहे आणि हा माणूस त्यातली चूक मोजतो आहे!

“काय ताकद आहे हो,” दातांची डॉक्टर हळूच म्हणाली. “लेखकाने मुद्दाम दोनदा लिहिलंय.”

“एकदाच असतं तर मी रेटून पुढे गेले असते,” ताई म्हणाल्या. “दुसऱ्यांदा आलं आणि माझ्याने वाचवेना. दादा म्हणाला, ‘थांबलीस का?’ मी म्हटलं, ‘दादा, मलाही असं वाटतं रे कधीकधी.’ म्हटलं, आता हा तोंड फिरवेल. तर म्हणाला, ‘मला माहितीय गं. कूस बदलताना तुझे हात सांगतात.’ आणि मग म्हणाला, ‘पाणी दे, आणि वाच पुढे.’” त्यांनी कव्हरची सुरकुती सारखी केली. “सहा वर्षांत आम्ही पहिल्यांदा खरं बोललो. काकांनी माझ्याकडे बघूनच ओळखलं असणार.”

टाळ्या झाल्या. त्याच्यासाठी! मॅनेजरने खांद्यावर हात ठेवला, तोच ओल्या बोटाचा हात, आणि मुद्रितशोधकाने मान खाली घातली, ती विनयाने घातली असंच सगळ्यांना वाटलं. त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं... काय सांगायचं? की ती ओळ चुकून पडली, मी पुस्तक दिलं तेही चुकून, तुम्हा बहीणभावाचं बोलणं दोन आळशी माणसांच्या वाटणीतून निघालंय? सांगितलं की मी मोकळा. आणि ही बाई? उद्या दुपारी भावाची कूस बदलताना तिला काय वाटेल?

मंडळी चहाकडे वळली. ताई पुस्तक परत द्यायला जवळ आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

“एक विचारू काका? तुम्ही हे पान आधी वाचलंत आणि मग मला दिलंत. म्हणजे माझ्या मनात काय चालतं ते तुम्हाला कळलंच होतं.” त्यांची बोटं पदराच्या कडेवर फिरत होती. “तेव्हा माझी किळस नाही आली तुम्हाला?”

‘नाही’ एवढं म्हटलं की संपलं असतं. तो शब्द खराही होता – सकाळपासून त्याला जगातल्या एकूण एक गोष्टीची किळस आली होती, फक्त या बाईची आली नव्हती. पण ‘नाही’ म्हणायचं म्हणजे ते पान वाचल्यासारखं म्हणायचं, आणि इतकी वर्षं सहज निघणारं खोटं आज जिभेवर येईना. त्याने पुस्तक घेतलं. एकशे बाविसावं पान उघडलं, माथ्यावरची ती जादा ओळ ओलांडली आणि उभ्याउभ्या वाचू लागला. बहीण हात धुते. पाण्याचं भांडं उचलते. खाटेपर्यंत जाते आणि थांबते. कुणीतरी त्याच्या कोपरापाशी चहाचा कप ठेवून गेलं. बहीण अजून थांबलेलीच. पान संपलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण ओळीवर बोट ठेवलेलं नाही, एकही अक्षर तपासलेलं नाही... आणि मग त्याला नवव्या फर्म्यातली उन्हात टाकलेली खाट आठवली; ती गडी कामाला गेला म्हणून रिकामी नव्हती.

“ती त्याला पाणी देते?” त्याने विचारलं.

“काका?” ताई म्हणाल्या.

“ही बहीण... देते का ती?”

त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काहीतरी त्यांच्या ध्यानात येऊ लागलं होतं, ते त्याला स्पष्ट दिसत होतं. सारवासारव करावी, हसून न्यावं, असं काहीच त्याच्या मनात आलं नाही. वाटलं ते एवढंच, की यांनी आता सांगू नये, एक अक्षरही सांगू नये, पुढचं पान आपणच उलटावं.