आवरतोय, जरा थांबा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. झिजलेल्या कॅसेटमधला आवाज संगणकात उतरवून घेणं हे माझं काम. एका अरुंद दुकानात ताईने मला पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलं आणि तिचा दादा मला चालवू लागला.

ताईने मला एक वळण लावलं होतं. 'थांब' असा संदेश आला, की तडक उठायचं नाही. हातातला आवाज फाइलमध्ये ठेवायचा, फाइल मिटायची, मगच निघायचं. पण सक्तीचाही एक हुकूम असतो. तो आला, की आहे तिथे संपायचं. त्याच्यापुढे ताईचंही काही चालत नसे.

किती आवाज ऐकले मी! कुणाच्या आजोबांचं खोकत खोकत गाणं, कुणाचे पहिले बोबडे बोल. लोक डोळे पुसत माझं कौतुक करत. फार सुखाचे दिवस होते ते.

एकदा एक निवृत्त नर्सबाई आल्या. लहानपणी त्यांची आई कामावर जाताना कॅसेटवर निरोप भरून ठेवायची. त्यातली एकच उरली होती. ती कशीबशी शेवटपर्यंत वाजली आणि फितीचे तुकडे पडले. आवाज तेवढा माझ्यापाशी राहिला. दादा मुळातच उतावळा. त्याने 'थांब' सांगितलं आणि मी मुकाट्याने फाइल लिहायला बसलो.

"हा तर ढिम्म हलत नाही!" म्हणत त्याने सक्तीचा हुकूम सोडला.

पुढचं मला ठाऊक नाही. मी नव्हतोच.

ताईने पुन्हा सुरू केलं, तेव्हा फाइल अर्धवट होती. ती दादावर डाफरली, "गप्प होता म्हणजे झोपला होता का? काम करत होता तो!" दादाचं तोंड एवढंसं झालं. मग तिने मला आवाज येईल तसा लिहून ठेवायला शिकवलं, आणि निघताना पडद्यावर 'आवरतोय, जरा थांबा' म्हणायलाही.

नर्सबाईंनी फाइल ऐकली. "बाळ, मी निघाले. जेवून घे, आणि..." एवढ्यावर आई थांबली.

"चुकलं माझं," दादा खाली मान घालून म्हणाला.

बाईंनी फाइल पुन्हा एकदा ऐकली. मग म्हणाल्या, "पुढचं मला पाठ आहे. घेता का?"

ताईने माइक पुढे सरकवला.

"आणि दार नीट लावून घे. मी येतेच."

दादाने 'थांब' सांगितलं. पडद्यावर माझे शब्द उमटले. तो हात मागे बांधून उभा राहिला.

मित्रांनो, आता कॅसेट घेऊन कुणी येत नाही. मला कायमचं बंद करायचं असेल, तर खुशाल करा. फक्त आधी 'थांब' म्हणा आणि तेवढा वेळ द्या. दार नीट लावूनच मी निघेन.