मुलुंडचा उसना ओव्हरकोट

मी एक ओव्हरकोट आहे आणि मुलुंडला राहतो. हसू आलं तर हसा. जिथे जानेवारीतही पंखा बंद होत नाही, तिथे माझं काय काम, हा प्रश्न मलाही पडतो. पडतो, आणि मी कपाटात तसाच लटकत राहतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते नीट सांगता येणार नाही. सांगितलं तरी ते खरं असेलच असं नाही. मला आठवतं ते दशरथांपासूनचं. ते बोटीवर फिटर होते. थंड देशातल्या एका बंदरावर त्यांनी मला विकत घेतलं. तपकिरी, जाड लोकरीचा, लांब बाह्यांचा. घरी आणलं तेव्हा त्यांची बायको वनमाला म्हणाली, "ह्यो काय घोंगडो?" पुढे दशरथ निवृत्त झाले, मग वारले. मी राहिलो.

मग हळूहळू मी सगळ्या सोसायटीचाच झालो. कुणाच्या घरी परदेशवारी ठरली की आधी व्हिसा आणि मग मी. वनमालाबाईंची बेल वाजायची.

"ताई, कोट मिळेल का?"

"घेवन जा गो. कपाटात रवान कोट काय करतलो?"

असा मी खूप फिरलो. माणसं माझ्या खिशात हॉटेलातल्या साखरेच्या पुड्या भरून आणतात आणि घरी कुणी मधुमेही निघालं की मोलकरणीला देतात. आमच्या सोसायटीतल्या घराघरात परदेशातले फोटो आहेत. सगळ्यांत मीच आहे, फक्त वरचं डोकं बदलतं.

चौथ्या मजल्यावरच्या श्यामसुंदर सरांचा मुलगा शौनक डॉक्टरेटसाठी पॅरिसला निघाला, तेव्हा त्यानंही मलाच नेलं. तो हिवाळा आम्ही बराचसा मोंमार्त्र नावाच्या टेकडीवर काढला. एके काळी तिथे चित्रकार स्वस्तात खोल्या घेऊन राहायचे म्हणे. आजही टेकडीवरच्या चौकात ते चित्रं मांडून बसतात, पर्यटकांचे चेहरे काढतात. ज्यांना चौकात जागा नाही, ते हातात फळी धरून उभ्याउभ्या काढतात. शौनक आधी नुसता बघायचा. मग एक दिवस त्यानं कोळशाची कांडी हातात घेतली. माझ्या उजव्या बाहीवर अजून तो काळा डाग आहे. वसंतात त्यानं मला एका ओळखीच्या माणसाबरोबर परत पाठवलं, आणि दुसऱ्या वर्षी विद्यापीठ सोडलं.

सर गणिताचे प्राध्यापक, स्वतः डॉक्टरेट. बातमी ऐकून फोनवर म्हणाले, "ठीक आहे." त्यानंतर ते त्याच्याशी बोलले नाहीत. सोसायटीत मात्र शौनकचं संशोधन चालूच राहिलं. सरांनी ते एकदा कुणाला तरी जिन्यात सांगितलं, मग त्यांना ते मागे घेता येईना.

त्यांची बायको उत्तराबाई. मुलाशी रोज फोनवर बोलायच्या. ती टेकडी ज्या सहलीत होती, ती सहल त्यांनीच शोधून काढली, दोघांचं बुकिंग केलं, शौनकला दिवसही कळवला. मग त्यांचा गुडघा दुखावला. डॉक्टर नाही म्हणाले. तेव्हा मी त्यांच्याच हॉलमध्ये खुंटीवर होतो, डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून.

"अहो, तुम्ही जा. त्याच्या पाया पडायला सांगत नाही मी. नुसतं 'घरी ये' म्हणा. दोन शब्द."

"सुगंधा आहे त्या सहलीत."

"असेना का! सुगंधाला विचारून पोर काढलं होतं का आपण?"

सुगंधाताई म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. शौनक गेल्यानंतर राहायला आलेल्या. एखादी गोष्ट त्यांना कळली, की नोटीस लावायची गरज उरत नाही.

सर निघाले. प्रवासभर त्यांनी माझ्यावरून हात फिरवून आतला पासपोर्ट चाचपला. आहे, हे माहीत असायचं, तरी चाचपायचे. बसमध्ये सुगंधाताईंनी विचारलं, "सर, शौनक येणार असेल ना भेटायला?"

"तो कॉन्फरन्सला गेलाय. बाहेरगावी."

टेकडीवर गारठा होता. आमचा गाइड विकी ओरडला, "मंडळी, इथे मोकळा वेळ! चित्रं बघा, फोटो काढा, हरवू मात्र नका!"

सर चौकाच्या कडेला उभे राहिले. समोर शौनक होता. दाढी वाढलेली, कानटोपी, हातात फळी. त्यानं आधी मला ओळखलं असं मला वाटलं. माझी चूकही असेल. तो जागेवरून हलला नाही. सरही हलले नाहीत. मधून सगळे देश येत-जात होते.

"अहो सर, चेहरा काढून घ्या ना! वहिनींना सरप्राइज!" सुगंधाताई मागून आल्या आणि हात उंचावून ओरडल्या, "ओ भैया, इंडियन? पोर्ट्रेट?"

तो आला.

"मराठीत बोला. चालेल."

"अय्या, मराठी! कुठले तुम्ही?"

"मुलुंडचा."

"काय सांगता! सर, ऐकलंत का? आपल्या मुलुंडचा आहे! ओळखता का तुम्ही याला?" आणि त्यांनी मोबाइल उभा धरला. व्हिडिओ चालू.

शौनकनं सरांकडे बघितलं. त्यानं उत्तर त्यांच्यावर सोडलं. सरांचा हात माझ्या खिशात होता. दगड ठेवावा तसा होता.

"नाही हो," सर म्हणाले. "मुलुंड केवढं मोठं आहे."

"मान जरा वर घ्या," शौनक म्हणाला.

तो काढत राहिला. सर त्याच्याकडे बघत राहिले. बघावंच लागतं, नाहीतर चित्र बिघडतं. इतक्या वर्षांत बापलेकांनी एकमेकांकडे एवढा वेळ बघितलं नव्हतं. पण त्या बघण्यात काही होतं का, ते मला सांगता येत नाही. मी ऊब देतो, मला ती कळत नाही.

चित्र झालं. माझी बटणं, माझी कॉलर, उसवलेला खिसा, सगळं हुबेहूब. माझं चित्र आजवर कुणी काढलं नव्हतं. वर चेहऱ्याच्या जागी दोन-तीन रेघा.

"अरे, चेहरा राहिला की!" सुगंधाताई म्हणाल्या.

"ते हलत होते."

सर जराही हलले नव्हते. त्यांनी पैसे पुढे केले. शौनकनं ते घेतले, "थँक यू" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. विकीनं शिट्टी मारली. आम्ही बसकडे चालू लागलो.

घरी आल्यावर उत्तराबाईंनी विचारलं, "भेटला?"

"भेटला. वाळलाय जरा."

"ये म्हणालात?"

"गडबड होती गं."

त्या पुढे काही विचारणार होत्या, तेवढ्यात सुगंधाताई आल्या. हातात चॉकलेटं, मागे वनमालाबाई. "वहिनी, सरांची गंमत बघा!" म्हणत त्यांनी मोबाइल समोर धरला. मी खुर्चीच्या पाठीवर होतो. दिसत नव्हतं, आवाज ऐकू येत होते. मुलुंडचा. ओळखता का. नाही हो, मुलुंड केवढं मोठं आहे.

उत्तराबाईंनी पूर्ण बघितलं. मग म्हणाल्या, "हा आमचा शौनक."

सुगंधाताई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "पण सर तर म्हणाले..."

"हो. ऐकलं मी."

सर उठून पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ नळ वाहत होता.

"वनमाला," उत्तराबाई म्हणाल्या, "कोट मला हवाय. डिसेंबरला. गुडघा काहीही म्हणो."

वनमालाबाई माझ्या बाह्या उचलून बघत म्हणाल्या, "तुका लांब व्हतलो गो. काप हवो तितको. तुझोच समज."

रात्री जेवताना सर म्हणाले, "डिसेंबरला मीही येतो."

उत्तराबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला. "कोट एकच आहे."

दुसरा कोट विकत मिळतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आज मी स्टेशनजवळच्या शिंप्याच्या दुकानात आहे. मला इथे सरच घेऊन आले. शिंप्यानं बाहीवर खडूची रेघ मारली आणि म्हणाला, "सर, एकदा कापला की तुम्हाला नाही व्हायचा हां."

"कापा," सर म्हणाले. तरी थोडा वेळ माझी बाही धरून उभे होते.

माझी तक्रार नाही. आखूड होऊन मी पुन्हा त्या टेकडीवर जाईन, एवढं माझ्या वाट्याला पुष्कळ आहे. सरांच्या अंगावर मात्र आता मी कधी असणार नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं. आमच्या सोसायटीत हल्ली त्यांना शौनकबद्दल कुणी काही विचारत नाही. तुम्हाला ते कुठे भेटले तर विचारा, मुलगा काय करतो. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्यांना वेळ लागतो.