कमळाबाईंची वही आणि एका शब्दाचे इंग्रजी

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, काळ्या पुठ्ठ्याची आणि लाल कापडी पाठीची. माझी शिलाई अजून शाबूत आहे, फक्त कोपरे गोल झाले आहेत.

देवळाली कॅम्पच्या बाजारात एका दुकानात मी पडून होते. तेथून केरूभाऊंनी मला विकत घेतले आणि एकलहऱ्याला आपल्या बायकोच्या हातात दिले. त्यांची बायको म्हणजे कमळाबाई. त्या वीज केंद्रात सफाईच्या कामाला जात. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर ठसठशीत. दुपारी डबा खाऊन झाला की त्या मला मांडीवर घेत आणि कविता लिहीत. वीज केंद्राच्या उंच चिमण्यांवर, कोळशाच्या गाड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या राखेवर. कामगार वसाहतीच्या विहारात जयंतीला त्यांनी एखादी कविता वाचली की बाया टाळ्या वाजवत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग कमळाबाई निवृत्त झाल्या, डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि मी पत्र्याच्या पेटीत गेले. रेशनकार्ड, लग्नपत्रिका आणि एक तुटका चष्मा यांच्याखाली मी सात वर्षे काढली. वाळवी लागली नाही, एवढेच नशीब.

मला बाहेर काढले ते संजनाने. ती त्याच वसाहतीत वाढलेली, आता नाशिकच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारी. लहानपणी विहारात ऐकलेल्या कविता तिच्या डोक्यातून गेल्या नव्हत्या. "मावशी, मी ह्या इंग्रजीत करते," ती म्हणाली. कमळाबाई हसल्या, "कर की. वाचनार कोन हाय पन?"

तीन वर्षे संजना एकटीच माझ्यासोबत बसली, कारण कमळाबाईंना तेव्हा वाचता येत नव्हते. पुस्तक छापून आले आणि वर्षभरात बातमी आली की इंग्रजीत अनुवादित झालेल्या कवितांना जो मोठा पुरस्कार मिळतो, त्याच्या शेवटच्या पाच पुस्तकांत आपले पुस्तक आहे. परीक्षकांनी एका कवितेचे खास कौतुक केले होते. कमळाबाईंच्या आईवरची ती कविता अशी संपते:

पदराला कोळसा, पायाला चटका,
आईला बोलायचं होतं लय,
बोलली एवढंच: राख.

संजनाने त्या शेवटच्या शब्दाचे इंग्रजी 'ॲश' केले होते. जन्मभर कोळसा वाहणारी बाई मरताना राखेचे नाव घेते, हे परीक्षकांच्या काळजाला भिडले होते.

वसाहतीने कमळाबाईंचा सत्कार ठेवला. नांदगावहून त्यांची धाकटी बहीण लताबाई आली. आता शस्त्रक्रियेनंतर कमळाबाईंना पुन्हा वाचता येत होते. त्यांनी मला हातात धरून ती कविता वाचली आणि 'राख' म्हणताना शेजारी बसलेल्या लताबाईंच्या डोक्यावर हात ठेवला.

संजनाचा चेहरा उतरला. कार्यक्रम संपताच ती जवळ आली.

"मावशी, इथं राख म्हणजे चिमणीतली राख ना?"

"चिमणीतली कशाला? राख म्हंजी सांभाळ. मी अकरा वर्साची, ही दोन. आई माझ्याकडं बघून बोलली, राख. हिला राख."

संजनाने माझे ते पान पुन्हा उघडले. "मी चुकले मावशी. मी आईच्या तोंडी राख घातली. आणि सगळ्यांना तीच ओळ आवडली."

लताबाई बहिणीकडे वळल्या. "आक्का, मला तर वाटायचं, आई माझ्यासाठी काईच बोलली नाय. तू कधी सांगितलं नाय."

"लिव्हलं होतं की. तुला वाचता येत नाय, हे ध्यानात नाय आलं," कमळाबाई म्हणाल्या.

संजना म्हणाली, "मी पुरस्कारवाल्यांना कळवते."

"नगं. तीन वर्सं घातली तू. बक्षीस हातचं जाईल. कोनाला कळनार हाय?"

"लतामावशींना कळलं ना आता. मग पुस्तकात चुकीचं कसं राहू देऊ?"

तिने दुसऱ्या दिवशी पत्र पाठवले. माझ्या त्या पानाचा फोटोही जोडला. आठवड्याने उत्तर आले: पत्राबद्दल आभार, पण निर्णय छापलेल्या पुस्तकावरच होईल. पुरस्कार दुसऱ्या पुस्तकाला मिळाला. संजना दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी कमळाबाई स्वतः तिच्या दारात उभ्या राहिल्या. मला त्यांनी पिशवीत घातले होते.

"रडून झालं का? चल, बाकीच्या बी तपासू."

तेव्हापासून दर रविवारी त्या वाचतात, संजना पेन्सिल घेऊन ऐकते. आणखी चार चुका सापडल्या. एकीवर तर दोघी पोट धरून हसल्या, कारण कमळाबाईंनी ज्याला 'माळ' म्हटले होते ते गावाबाहेरचे रान होते आणि इंग्रजीत त्याचा हार झाला होता! 'राख'साठी संजनाने कितीतरी शब्द घासून पाहिले. शेवटी 'कीप' हा छोटासा शब्द ठेवला. आईच्या अंगात तेवढाच दम उरला असेल, असे ती म्हणाली. दुसऱ्या आवृत्तीत तोच शब्द छापला गेला. ती प्रत घेऊन लताबाई नांदगावला गेल्या. आता दारावर कोणी शिकलेले माणूस आले की त्या ते पान उघडून म्हणतात, "एवढं वाच बरं."

मित्रांनो, माझी तक्रार काहीच नाही. पुरस्काराचे मानचिन्ह मी पाहिलेले नाही आणि मला त्याची खंतही नाही. तुम्हाला एवढेच सांगते, तुमच्या घरात कोणाची लिहिलेली वही असेल तर तिला ऊन दाखवा, वाळवीपासून जपा. पण तेवढ्यावर थांबू नका. लिहिणारे माणूस अजून जवळ असेल तर त्याच्यापुढे बसा आणि त्याच्याच तोंडून ती वाचून घ्या. मला अक्षरे सांभाळता येतात. त्या वेळी कोणाच्या डोक्यावर हात ठेवायचा, ते मला कागदावर दाखवता येत नाही.