ब्रोकन हिलचा अर्धा तास

बँडचा हॉल जळाला तेव्हा माझ्या नवऱ्याचं, केथचं, पितळी कॉर्नेट, म्हणजे छोटा कर्णा, आत कपाटात होतं. केथला जाऊन चार वर्षं झाली होती. बाकी सगळं जळून तेवढं वाचलं असतं तरी मी कुणाला एक शब्द बोलले नसते. त्यामुळे पोलिसांनी अँटन बारिचला पकडलं तेव्हा मला बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकते.

अँटन खाणीत कामाला. आमच्याच बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे ते पोटावर धरायचं सगळ्यात मोठं वाद्य, वाजवायचा. आगीच्या दोन दिवस आधी बँडमास्तर मर्व्ह ट्रेगेन्झाशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं. मर्व्हने त्याला बँडमधून काढलं आणि अँटन सगळ्यांदेखत म्हणाला, "जळो तुमचा बँड." मग हॉल जळाला. गावाला आणखी काय पुरावा हवा?

आणि नेरिडा पॅस्कोने त्याचं वकीलपत्र घेतलं. नेरिडा तीस वर्षं फौजदारी खटले लढवते आहे. त्यातली सव्वीस वर्षं मी तिच्या ऑफिसात टायपिंग, फायली आणि चहा सांभाळते आहे. ती बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची. त्याच आठवड्यात मर्व्हने शाळेच्या शेडमधल्या बँडच्या फळ्यावरून तिचंही नाव पुसलं.

"तुझा स्वतःचा ट्रॉम्बोन जळला ना त्यात?" मी तिला म्हटलं. "गावात दुसरा वकील नाही का?"

"आहे. तो म्हणतो, गुन्हा कबूल कर. अँटन म्हणतो, मी केलाच नाही."

"केला असता तरी हेच म्हणाला असता."

"ग्लेनिस, तू टाइप कर."

मी टाइप केलं. बेकरीतली बाई माझा पाव हातात न देता काउंटरवर ठेवायला लागली. क्लबात शुक्रवारी आमच्या टेबलाशी कोणी फिरकेना. नेरिडा एकटी बसून खिमा भरलेला मीट पाय खायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम नाव घेऊन हाक मारायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी जीवही तुटायचा.

अँटनचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. आगीच्या संध्याकाळी सातला हॉलवर गेलो, बँडचा ट्यूबा आणि हॉलची किल्ली परत आत ठेवली, दारातून बहिणीला फोन केला आणि सात दहाला गाडी काढून सिल्व्हर्टनला तिच्याकडे गेलो. सिल्व्हर्टन पंचवीस किलोमीटर. शेजारची बाई साडेसातला कुत्रं घेऊन हॉलवरून गेली तेव्हा धूर नव्हता. सात चाळीसला आगीच्या बंबाला फोन गेला. म्हणजे जे काही झालं ते त्या दहा मिनिटांत.

सरकारी वकिलाकडे सिडनीच्या एका मोबाइल तज्ज्ञाचा तक्ता होता. त्यात अँटनचा तो फोन हॉलजवळच्या टॉवरवरून सात अडतीसला लागलेला. सात दहाला निघालेला माणूस सात अडतीसला दारात कसा? बहीण म्हणाली, तो आठच्या बऱ्याच आधी घरी पोहोचला होता. बहिणी असंच बोलतात, असं सरकारी वकील म्हणाला आणि ज्यूरीतल्या दोघांनी माना डोलावल्या. गुन्हा शाबीत झाला तर आठ-दहा वर्षं आत. अँटनची मुलगी तीन वर्षांची.

खटल्याच्या तिसऱ्या दिवशी तो तज्ज्ञ साक्षीला यायचा होता. मी थर्मास घेऊन कोर्टाशी पोहोचले, तर एक टायवाला माणूस बंद दार ठोठावत होता.

"अहो, इथे कोणी आहे का?" तो माझ्यावरच खेकसला. "दहाला बोलावलं होतं. दहा वाजून दोन मिनिटं झाली."

"साडेनऊ झालेत," मी म्हटलं.

त्याने मनगट माझ्या नाकासमोर धरलं. मला हसू आलं. राज्य सिडनीचं असलं तरी आमचं गाव वेळ पाळतं शेजारच्या राज्यातल्या ॲडलेडची, सिडनीच्या अर्धा तास मागे. बाहेरचा प्रत्येक माणूस कधी ना कधी आमच्या एखाद्या बंद दारावर येऊन आपटतो. आमची ती हक्काची करमणूक आहे.

"सिडनीत दहा. इथे तुम्हाला अर्धा तास फुकट मिळाला," मी म्हटलं. "घड्याळ मागे घ्या."

"मी घड्याळ बदलत नसतो," तो म्हणाला. "माझं सगळं काम सिडनीच्या वेळेने चालतं. म्हणजे घोळ होत नाही."

"आपण कोण?"

"ऑर्मिस्टन. मोबाइलच्या नोंदींचा तज्ज्ञ."

मी हसतच दोन पायऱ्या चढले. तिसरीवर पाय अडला.

सात अडतीसमधून अर्धा तास वजा. सात आठ.

मी तिथेच उभी राहिले. खोटं कशाला बोलू, लगेच धावले नाही. हे फक्त मला कळलं होतं. मी थर्मासचं झाकण घट्ट केलं असतं आणि गप्प बसले असते, तर कुणालाही पत्ता लागला नसता. केथचं कॉर्नेट डोळ्यांसमोर आलं. मग ते तोंडाशी धरलेला केथ आला. फाटका माणूस, पण सूर चुकला तर स्वतः हात वर करायचा, मी चुकलो म्हणायचा. मी मागच्या दाराने धावत सुटले. बासष्टाव्या वर्षी, चपलांत.

नेरिडा वकिलांच्या खोलीत सँडविच खात होती. मी धापा टाकत सांगितलं. तिने घास गिळलासुद्धा नाही, फायलीतून मोबाइल कंपनीची मूळ यादी ओढली आणि बोट फिरवायला लागली.

"हे बघ. तक्ता सात अडतीसला थांबतो. यादी पुढे जाते. आठ आठला पुन्हा फोन, टॉवर सिल्व्हर्टनचा."

"आठ आठ म्हणजे आपले सात अडतीस," मी म्हटलं.

"हॉलला आग लागली तेव्हा तो सिल्व्हर्टनला होता, ग्लेनिस." तिचा आवाज चिरकला. "दोन महिने हा कागद माझ्या टेबलावर आहे. बाहेरून आलेला कागद कुणीतरी आधीच आपल्या वेळेत करून दिलाय, असं मी धरून चालले. जन्म गेला इथे आणि मलाच दिसलं नाही."

"रड नंतर. कोट घाल."

ऑर्मिस्टन साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याने तक्ता ऐटीत समजावला. मग नेरिडा उठली. मी तिला शेकडो वेळा उठताना पाहिलंय, पण त्या दिवशी तिच्याबरोबर मीही अर्धी उठले.

"मिस्टर ऑर्मिस्टन, तुमच्या घड्याळात आत्ता किती वाजलेत?"

"अकरा वाजून पन्नास मिनिटं."

नेरिडाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वीस. ज्यूरीत पुढच्या रांगेत स्कूल बस चालवणारी बाई होती. तिने भिंतीकडे पाहिलं, मग हातातल्या तक्त्याकडे, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. तिने शेजाऱ्याला कोपर मारलं. बघता बघता बाराही जण माना खाली घालून आकडेमोड करायला लागले. मागच्या बाकावर कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. सिडनीहून आलेल्या न्यायाधीशबाई तेवढ्या अजून गोंधळलेल्या होत्या.

"या तक्त्यातल्या वेळा भिंतीवरच्या घड्याळाच्या आहेत, की तुमच्या?" नेरिडाने विचारलं.

त्याने तक्ता उलटसुलट करून पाहिला. "कंपनीची यादी सिडनीच्या वेळेत येते," तो शेवटी म्हणाला. "मी ती तशीच उतरवली."

"मग आठ आठची सिल्व्हर्टनची नोंद वाचा. आमच्या वेळेत."

"सात अडतीस," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

जेवणाच्या सुट्टीत सरकारी वकिलाने सिडनीला फोन लावून खात्री केली आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. ज्यूरी आत जाऊन बारा मिनिटांत बाहेर आली. निर्दोष. अँटन खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. नेरिडाही रडली. मी रुमाल शोधत होते, कारण मलाही लागत होता. आग कशाने लागली ते अजून नक्की कळलेलं नाही. जुन्या वायरींवर संशय आहे.

पुढच्या गुरुवारी शाळेच्या शेडमध्ये बँडचा सराव होता. फळ्यावर नेरिडाचं नाव पुन्हा लिहिलं होतं, त्याखाली अँटनचं. मर्व्ह दारातच उभा होता. शेजारच्या गावातून मागून आणलेला ट्यूबा त्याने अँटनपुढे धरला. "तुझ्यावाचून खालचे सूर पोकळ वाटतात," एवढंच म्हणाला. अँटनने ट्यूबा घेतला.

मी कोपऱ्यात चहा करत होते. अँटन कप घ्यायला आला तेव्हा मला राहवलं नाही.

"अँटन, आग तूच लावलीस असं मी धरून चालले होते. शेवटच्या दिवसापर्यंत. नेरिडाच्या ऑफिसात बसून."

"माहीत आहे, मिसेस हॉकिंग."

"नेरिडाने सांगितलं?"

"नाही. जामिनावर सुटल्यापासून दोन महिने मी ऑफिसात येत होतो. तुम्ही दर वेळी चहा दिलात. सगळ्यांना साखर किती म्हणून विचारायचात. मला एकदाही नाही विचारलंत."

मर्व्हने पलीकडे छडी टेबलावर आपटली, सगळे आपापल्या जागी जायला लागले. मी साखरेचा डबा उघडला.

"किती?" मी विचारलं.

"दोन," अँटन म्हणाला.