पूनमसिंगची फुंकर

“हे काय हालून राह्यलं व, छोरी? पान्यातल्या शेवायांवानी?” पूनमसिंगने स्क्रीनला नाक टेकवायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

“आपल्या नसांतलं प्रथिन आहे, बापू. लई मोठं करून दाखवलं,” रंजिता म्हणाली.

सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलीसुरली नजरही आता टिकणार नाही. त्यावर या गृहस्थाने डॉक्टरांनाच चहा घेणार का विचारलं. महागावकडे, आपल्या तांड्यावर परतायची त्याला घाई होती. पण रंजिताने हाताला धरून त्याला यवतमाळच्या कॉलेजातल्या आपल्या लॅबमध्ये आणलं. आपण इतकी वर्षं काय केलं ते बापूंनी आज पाहिलं नाही, तर ते कधीच पाहणार नव्हते.

पूनमसिंग जन्मभर लोकांच्या कपाशीवर फवारणी करत आला. पाठीवरच्या पंपाचं नोझल तुंबलं की सगळे करतात तेच तोही करायचा. काढायचं, ओठांत धरायचं आणि फुंकर मारायची. एका वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली, वारा पडला, फवारा तोंडाभोवतीच घुटमळला आणि ती फुंकर भोवली. जीव वाचला. हातांना कंप सुटला, डोळ्यांपुढे धुकं आलं, ते मात्र कायमचं.

“फवारनीचं विष इथं बसते,” रंजिताने बोट ठेवलं. “प्रथिनातल्या या अरुंद बोळीच्या तळाशी. ते काढाले औषध आत गेलं पाह्यजे, पण बोळीचं दार पापनी लवाच्या आतच उघडून मिटते. सारे अणू एकमेकांले ओढत राह्यतात. दार कवा उघडन, हा हिशेब करता करता साधा कॉम्प्युटर थकून जाते. म्हून हा बोर्ड. याच्या आतली जोडनी पाह्यजे तशी बदलता येते. मी ती या एकाच हिशेबासाठी बांधली.”

“तू बांधली?”

“हो, बापू.”

बोर्डावरच्या छोट्या पंख्याची ऊन हवा पूनमसिंगच्या तळहाताला लागत होती. तो हात तसाच धरून बसून राहिला. दुपार खोलीत सुस्तावली होती. स्क्रीनवरचे निळे धागे झोपेत कूस बदलावी तसे वळत होते.

“माह्या डोयाले होईन काय व काही यानं?”

रंजिताला खोटं बोलवेना. “नाही, बापू. झालं तर पुढच्याले होईन. उद्या जो फुंकर मारन, त्याले.”

तिला रडू येत होतं. पूनमसिंगने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

“मंग लाव ते दाराचं,” तो म्हणाला.

स्क्रीनवर दार उघडलं, मिटलं. त्याला काहीच दिसलं नाही.

“हळू कर ना व! एवढी घाई कायले?”

रंजिता डोळे पुसता पुसता हसली. हे सगळं भराभर व्हावं म्हणून तिने रात्रीचा दिवस केला होता. तिने चित्र अगदी संथ केलं. धागे डुलू लागले. दार जरासं किलकिलं झालं आणि अडल्यासारखं थांबलं.

नकळत पूनमसिंगचे ओठ जुळले. त्याने हलकेच फुंकर मारली.

“उघडलं काय?”

“उघडलं, बापू.”

त्याने मान डोलावली आणि थरथरत्या बोटांनी, समोर काहीच नसताना, नोझल पुन्हा पंपाला घट्ट बसवलं.